तुम्ही विचारलंत म्हणून: चौदा सामने जिंकूनही बाहेर का?

प्रश्न दर नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (तिथलं नाव सॉकर) हंगाम संपत आला की येतो आणि शब्दही जवळजवळ तेच असतात. "आमच्या मुलाचं कॉलेज लीगमध्ये एकही सामना हरलं नाही. तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांत नाव नाही. आणि त्या दुसऱ्या लीगमधला, स्वतःच्या लीगमध्ये सातवा आलेला संघ आत! ही वशिलेबाजी नाही तर काय?" न्यू जर्सीतले आई-बाबा विचारतात, बॉस्टनकडचे विचारतात, आणि रात्र जागून नातवाचा सामना बघणारे पुण्यातले आजोबाही विचारतात.

वशिला नाही. असता तर समजावणं सोपं गेलं असतं.

तुमच्या मुलांची कॉलेजं डिव्हिजन थ्रीत, म्हणजे एनसीएए या अमेरिकन कॉलेज क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या पातळीवर; तिथे खेळाची शिष्यवृत्ती का नसते, ते तुम्हाला सांगत बसत नाही. फी तुम्हीच भरताय. जागांचा हिशेब मात्र बहुतेकांच्या डोक्यात उलटा असतो. पुरुषांचे चारशेहून जास्त संघ, जागा ६४. त्यातल्या चाळीसहून अधिक जागा कॉन्फरन्स (म्हणजे लीग) विजेत्यांना आपोआप जातात. उरतात वीसेक. या ॲट-लार्ज, म्हणजे लीग न जिंकलेल्यांसाठी खुल्या, जागांसाठी बाकी सगळी गर्दी. म्हणजे 'लहान लीगना कुणी विचारत नाही' हे खरं नाही. दुबळ्यातल्या दुबळ्या पात्र लीगलाही एक जागा हक्कानं मिळते आणि बलाढ्य लीगलाही हक्काची अशी एकच. तुमची तक्रार खरं तर दुसऱ्या जागेबद्दल असते.

आता तो दिवस, ज्यावरून फोन येतात. आकडे मी नमुन्यादाखल घेतोय, पण असा संघ दर वर्षी कुठे ना कुठे असतोच. नऊ संघांची लीग, त्यामुळे लीगचे आठ सामने: सात जिंकले, एक बरोबरीत. लीगबाहेरचे नऊ: सहा जिंकले, दोन हरले, एक बरोबरीत. मग कॉन्फरन्स टूर्नामेंट, म्हणजे लीगमधल्या वरच्या संघांची बाद फेरी; या लीगमध्ये आपोआपची जागा तिच्या विजेत्याला. उपांत्य सामना जिंकला. अंतिम सामना घरच्या मैदानावर, चौथ्या क्रमांकाच्या संघाशी. नव्वद मिनिटांत १-१. २०२२ पासून साखळी सामन्यांतला जादा वेळ बंद झाला, पण बाद फेरीत तो आहे: दहा-दहा मिनिटांची दोन सत्रं, आणि आता गोल झाला म्हणून सामना तिथेच संपत नाही. तरीही १-१. पेनल्टी शूटआउट. एक फटका गोलखांबाला लागतो आणि चौथा संघ राष्ट्रीय स्पर्धेत जातो.

इथली मेख अशी की शूटआउटमधली हार नोंदीत हार म्हणून लागत नाही. अधिकृत निकाल बरोबरी. त्यामुळे कागदावर तुमच्या मुलाचा संघ १४ विजय, २ पराभव, ३ बरोबरी. बरोबरीला अर्धा विजय धरला की १९ पैकी १५.५, म्हणजे ०.८१६. दुसरीकडे अकरा संघांच्या तगड्या लीगमधला तो सातवा संघ. पंधरा सामन्यांत ९ विजय, ३ पराभव, ३ बरोबरी, मग लीगच्या टूर्नामेंटमध्ये पहिल्याच सामन्यात हार. १६ पैकी १०.५, म्हणजे ०.६५६. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुम्ही मला पाठवता, आणि त्या क्षणी तुमचं रास्तही वाटतं.

आता तिसरा आकडा बघा, जो तुम्ही पाठवत नाही. लीगच्या आतल्या सामन्यांत एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो, म्हणून आतल्या सगळ्या सामन्यांची मिळून सरासरी नेमकी ०.५०० येते. कायम. लीग जगातली सर्वोत्तम असो की सर्वात वाईट. लीगची किंमत फक्त लीगबाहेरच्या सामन्यांतून ठरते. तुमच्या नऊ संघांनी मिळून बाहेरचे ८१ सामने खेळले. ३० जिंकले, ४३ हरले, ८ बरोबरीत. म्हणजे ०.४२०. आतले आठ आणि बाहेरचे नऊ एकत्र करा, तुमच्या लीगमधल्या सरासरी संघाचा आकडा येतो ०.४५८. त्या दुसऱ्या लीगच्या अकरा संघांनी बाहेरच्या ५५ सामन्यांपैकी ४२ जिंकले, ७ हरले, ६ बरोबरीत: ०.८१८. तिथल्या सरासरी संघाचा आकडा ०.६०६. तुमच्या मुलानं सात लीग सामने जिंकले ते ०.४५८ वाल्या लीगमध्ये. तो सातवा संघ तीन हरला ते ०.६०६ वाल्या लीगमध्ये.

आणि हे बाहेरचे सामने मुख्यतः सप्टेंबरमध्ये होतात. तुमच्या मुलाचा नोव्हेंबर सप्टेंबरातच बराचसा ठरून जातो, आणि तो ठरवणाऱ्या ८१ सामन्यांपैकी तो स्वतः खेळतो फक्त नऊ. लीगमधला शेवटचा संघ कुठल्या तरी मंगळवारी बाहेर ०-४ हरतो तेव्हा तुम्ही बघतही नसता. नंतर त्याच संघाला ५-० हरवल्याचे फोटो मात्र पाठवता. फोटो छान असतात. गोलफरक कुठेच मोजला जात नाही.

पूर्वी हे सगळं समितीच्या टेबलावर असायचं. विजयाची टक्केवारी, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा (दोन भाग प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी, एक भाग त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची), आमनेसामनेचे निकाल, समान प्रतिस्पर्धी, क्रमवारीतल्या संघांविरुद्धची कामगिरी. कशाला किती वजन, ते समितीत बसलेले प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक ठरवत. तेव्हा मी तावातावानं म्हणायचो की सगळं सूत्रावर सोपवा, माणसं बाजूला करा. २०२४-२५ पासून तसंच झालं. एनपीआय नावाचा निर्देशांक आला आणि ॲट-लार्ज जागा त्याच्या क्रमानं जाऊ लागल्या. प्रत्येक सामन्याला निकाल आणि प्रतिस्पर्ध्याचा स्वतःचा एनपीआय मिळून गुण. सगळ्यांचे आकडे एकमेकांवर अवलंबून, म्हणून संगणक ते स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढतो. चांगल्या संघाला हरवलं तर वर बोनस. एखाद्या विजयामुळेच तुमची सरासरी खाली येत असेल तर तो विजय वगळला जातो, मात्र ठरावीक किमान विजय मोजलेच जातात. ही सवलत फक्त विजयाला; दुबळ्या संघाशी झालेली बरोबरी गळ्यात राहतेच. साखळीतला जादा वेळ गेल्यापासून अशा बरोबऱ्यांची भीती वाढली आहे.

मग आता न्याय झाला? तेव्हाच्या मला वाटलं असतं, झाला. पण निकालाला किती वजन द्यायचं आणि दर्जाला किती, ते माणसंच ठरवतात. फरक इतकाच की आता हंगाम सुरू होण्याआधी ठरवतात. निदान तुमच्या संघाचं नाव बघून ठरवत नाहीत. मला हे मोठं वाटतं. तुम्हाला वाटत नाही, हेही मला कळतं.

"पण जिंकणाऱ्यालाच जागा द्या ना," असं तुम्ही म्हणता तेव्हा मी दोन अंतिम सामने पुढे करतो. २०१९: टफ्ट्स विरुद्ध ॲमहर्स्ट. २०२१: कनेक्टिकट कॉलेज विरुद्ध ॲमहर्स्ट. चारही जागा नेस्कॅक या एकाच लीगच्या. आपोआपची जागा लीगला एकच, म्हणजे दोन्ही वर्षी निदान एक अंतिम फेरीवाला ॲट-लार्जनं आलेला होता. मधलं २०२० करोनामुळे झालंच नाही. तगड्या लीगमधून विजेता सोडून इतरांना घेणं निरर्थक असतं, तर हे कसं झालं असतं?

यावर तुमच्यातल्या एका बाबांनी दिलेलं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही: आत आलेल्यांनीच स्वतःला सिद्ध केलं, बाहेर राहिलेले सिद्ध कुठे करणार? २०२३ ला मिनेसोटाच्या सेंट ओलाफनं अंतिम सामन्यात ॲमहर्स्टला २-१ हरवलं, ते आत होते म्हणून.

"मग तगड्या संघांशी सामने घ्यायचे," हे सोपं उत्तर मीही देतो, आणि ते अर्धंच आहे. सामने बरेच आधी ठरतात. बसच्या अंतरात तगडा संघ हवा, त्याची तारीख मोकळी हवी, आणि त्याची तयारी हवी. तो का तयार होईल? तुमच्या मुलाच्या संघाला हरवून त्याला फारसं मिळत नाही, हरला तर भरपूर जातं. चांगला पण बेनाव संघ हा वेळापत्रकात कुणालाच नको असतो. कॅलिफोर्नियाचं सांताक्रूझ २००४ ला कुठल्याही कॉन्फरन्सविना अंतिम सामन्यापर्यंत गेलं होतं, मसायाकडून हरलं. पुढे तेच कॉलेज व्हर्जिनियातल्या कॉलेजांबरोबर एका कॉन्फरन्समध्ये गेलं. नकाशा काढून बघा. हक्काची जागा किती मोलाची, ते त्या अंतरावरून कळतं.

ड्रॉबद्दल, म्हणजे कोण कुणाशी भिडणार याच्या मांडणीबद्दल, थोडक्यात. निवड आकड्यांनी होते, पण कोण कुठे खेळणार यात प्रवासखर्च येतो. अनेक वर्षं ५०० मैलांची रेघ होती: आत असाल तर बस, पलीकडे विमान. म्हणून टेक्सासचे संघ सुरुवातीलाच आपापसांत भिडतात ही तक्रार जुनी आहे आणि मला ती तुमच्या तक्रारीपेक्षा जास्त पटते.

पुन्हा त्या शूटआउटकडे येतो, कारण तुमचा राग तिथला आहे. आपोआपची जागा कुणाला द्यायची, साखळीतल्या पहिल्याला की टूर्नामेंटच्या विजेत्याला, हे एनसीएए ठरवत नाही. कॉन्फरन्स ठरवते. शिकागो, एमरी, कार्नेगी मेलन यांची यूएए ही आठ विद्यापीठांची लीग टूर्नामेंट घेतच नाही. प्रत्येकाशी एकदा, सात सामने, पहिला येईल त्याला जागा. आपल्या नमुन्यातला संघ तशा लीगमध्ये असता तर साखळी संपताच बॅग भरून बसला असता.

तेव्हा निवड समितीला पाठवायचं ते पत्र आपल्या कॉन्फरन्सच्या आयुक्तांना पाठवा आणि विचारा की टूर्नामेंट का ठेवलीय. उत्तर मिळेल: बाकीच्या कॉलेजांना ती हवी आहे, ती नसेल तर चौथ्या-पाचव्या संघाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यातच संपल्यात जमा होतो. आणि पत्रात एक ओळ वाढवा: टूर्नामेंट ठेवायचीच असेल तर साखळीत पहिल्या आलेल्या संघाला थेट अंतिम सामन्यात घ्या. त्यानं शूटआउट टळणार नाही, पण तिथे पोचताना अंगात एक सामना कमी असेल.