पोर्शे टिकली ती रोज चालवता येते म्हणून

पोर्शेचा विषय निघाला की इंजिन मागे असतं आणि आकार बदलत नाही, या दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. कंपनीला तारणारी गोष्ट माझ्या मते तिसरीच आहे, आणि ती 1948 सालीच ठरली.

ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात फेरी पोर्शे यांनी पोर्शे नावाची पहिली गाडी, म्हणजे पहिली 356, बांधली. फोक्सवॅगनवर बेतलेलं 1131 सीसीचं इंजिन, ताकद 35 अश्वशक्ती, वजन 585 किलो. त्या गाडीत इंजिन मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पुढे होतं. तोल साधायला ती जागा उत्तम. पण त्यानंतरच्या गाड्यांत ते ॲक्सलच्या मागे गेलं, कारण सीटच्या मागे सामानाला जागा हवी होती. नळ्यांचा महागडा सांगाडाही गेला आणि पत्र्याची चौकट आली. सहज मिळणारे भाग घ्यायचे आणि त्यांतून रोज वापरता येईल अशी हलकी, चपळ गाडी करायची, हा तो विचार.

इंजिन मागे नेण्याची किंमत 356नंतर आलेल्या 911 या मॉडेलने मोजली. सुरुवातीच्या 911 ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर अचानक सोडला की मागून घसरत. तात्पुरता इलाज म्हणून पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत 11-11 किलोची बिडाची वजनं बसवली. खरा इलाज 1969च्या मॉडेलमध्ये झाला: इंजिन जागच्या जागी ठेवून मागची चाकं 57 मिलिमीटर मागे नेली. इंजिन पुढे घेतलं असतं तर मागच्या दोन छोट्या सीट गेल्या असत्या.

1990च्या दशकात कंपनी डबघाईला आली तेव्हाही हाच विचार कामी आला. 1996ची दोन सीटची बॉक्स्टर आणि तिच्यामागोमाग आलेली 996, म्हणजे 911ची नवी पिढी, या दोन्ही गाड्यांचे हेडलाइट, पुढचे मडगार्ड, दरवाजे एकच. चाहते त्या हेडलाइटवर अजून चिडतात. मला मात्र त्यात 1948ची काटकसर दिसते. 911चं एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, इंजिन 1998 साली बंद झालं, तरी 911 ही 911च राहिली.

रोज चालवायला केलेल्या या गाड्यांचं मुंबईत जे बिघडतं, त्याचं मोठं कारण त्या उभ्या असतात हे आहे. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या 997ची, म्हणजे 996नंतरच्या 911ची, बॅटरी उतरते. पुढचं झाकण विजेवर उघडतं आणि बॅटरी नेमकी त्याच झाकणाखाली असते. झाकण उचकटू नका. पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधलं लाल टोक बाहेर ओढा, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस द्या, मायनस दाराच्या लॉकच्या धातूच्या कडीला लावा आणि किल्लीचं बटण दाबा. पावसाळ्यात गाडी काढणारच नसाल तर बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा.

टायरही चालून झिजण्याआधी वयाने जातात. बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा: 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही ताजी दिसली तरी, ओल्या सी लिंकवर नको.

996 आणि बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या कोपऱ्यांत असतात. गुलमोहराचा, पिंपळाचा पाला बंपरच्या तोंडातून आत जातो, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत अडकून पावसात कुजतो आणि ॲल्युमिनियम खातो. एसीचा गॅस वारंवार भरावा लागत असेल तर आधी इथे बघा. बाहेरून पाण्याचा फवारा मारून हे निघत नाही. बंपर उतरवून, कंडेन्सर सैल करून फट मोकळी करावी लागते.

बॉक्स्टरच्या छताचं पाणी वाहून नेणारी भोकंही अशीच तुंबतात. मग पाणी केबिनमध्ये येतं आणि सीटखालचं इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं) युनिट भिजतं. गाडी सुरूच होत नाही, आणि हा खर्च चांगलाच मोठा असतो. छत अर्धं उघडून दोन्ही बाजूंच्या भोकांत जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने घाला. हवेचा जोरदार झोत मारू नका, आतली नळी निसटते. मग कपभर पाणी ओता; ते मागच्या चाकापुढे जमिनीवर पडायला हवं.

जुनी 996 किंवा बॉक्स्टर घेताना तेलाचा फिल्टर कापून, घड्या उलगडून उजेडात धरा. चकाकणारा धातूचा कीस किंवा काळ्या प्लास्टिकचे कण दिसले तर इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्ट या दांड्याच्या बेअरिंगची तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका.