जिन्याचं दार

तक्रारीच्या तिकिटावर मागच्या दोन भेटींचा शेरा एकच होता: ‘तपासलं, नेट व्यवस्थित. ग्राहकाचा गैरसमज.’ काकूंचं म्हणणं असं की जिन्याचं दार उघडलं की घरभर नेट बंद पडतं. खोटं कशाला सांगू, वाचून मीही हसलोच.

खाली राउटर आणि केबल जोडायचा ८ पोर्टचा स्विच. वरच्या खोलीत जुना राउटर रिपीटर म्हणून, म्हणजे खालचं वायफाय पकडून पुढे पसरवायला, लावलेला. तरी वर रेंज पुरेना, म्हणून महिन्यापूर्वी आमच्याच माणसाने स्विचपासून वरपर्यंत केबल ओढून दिली होती. पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, २ मिलिसेकंद. मी बॅग आवरायला घेतली.

“थांब जरा,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडलं.

दार लोखंडी पत्र्याचं. अर्ध्या मिनिटात पिंग आठशेवर गेला, मग नुसते टाइमआउट. स्विचकडे नजर गेली आणि माझं हसू मावळलं. एरवी त्याचे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात; आता सगळे एका तालात, पिसाटल्यासारखे फडफडत होते. लूप! डेटा नेटवर्कमध्ये गोल गोल फिरत होता. वरची केबल उपसली, पिंग जागेवर. पुन्हा खोचली, पुन्हा बोंब.

केबल ओढणाऱ्याने वरच्या डब्याचा रिपीटर मोड तसाच सोडला होता. म्हणजे वर जायला दोन वाटा, एक तारेची आणि एक हवेतली. साध्या वायफाय क्लायंटच्या फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या पाकिटात, तीनच पत्ते असतात, त्यामुळे त्याच्यामागची उपकरणं सरळ ब्रिज होत नाहीत, एकाच नेटवर्कला जोडली जात नाहीत. इथे मात्र दोन्ही डब्यांवर डब्ल्यूडीएस (राउटर वायफायने एकमेकांना जोडायची सोय) चालू, चौथा पत्ता हजर, ब्रिज एकदम पक्का. आयपी पॅकेटचा टीटीएल, म्हणजे उरलेल्या टप्प्यांचा आकडा, प्रत्येक राउटरवर घटत जातो आणि कधीतरी ते मरतं. इथरनेटच्या फ्रेमला ती सोयच नाही. एक एआरपी ब्रॉडकास्ट, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा?’ अशी सगळ्यांना विचारणा, सुटला की केबलने वर, वायफायने खाली, पुन्हा वर. वायरशार्क या नेटवर्क तपासायच्या प्रोग्राममध्ये तीच विनंती हजारो वेळा ओळीने येत होती. यावरचा उतारा, जादा वाट आपोआप बंद ठेवणारा स्पॅनिंग ट्री, राडिया पर्लमन यांनी १९८५ सालीच शोधून ठेवलाय. पण घरगुती स्वस्त स्विचमध्ये तो बहुधा नसतोच.

दार लावलं की पत्रा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवायचा, हवेतली वाट तुटायची आणि नेट सुरळीत. दार उघडलं की लूप पुरा. मग आधीच्या दोघांना का नाही दिसलं? कुणी घरी आलं की वरचा पसारा दिसू नये म्हणून काकू दार लावून घ्यायच्या. दोघांनीही बंद दाराआड पिंग मारला आणि गेले. दार उघडून बघायला किती वेळ लागतो? अर्थात, थांबवलं नसतं तर मीही निघालोच होतो.

वरचा डबा ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो आता फक्त केबलवरून नेट घेणार. पाच मिनिटांचं काम. मग काकूंनी स्वतः दहादा दार उघडझाप करून खात्री केली.

तिकीट बंद करताना कारण निवडावं लागतं. यादीत राउटर, केबल, बाहेरची लाइन, ग्राहकाचा गैरसमज. आमच्या माणसाची चूक, हा पर्यायच नाही. मी ‘केबल’ निवडलं. केबल बिचारी ठणठणीत होती.