व्हिसाचं कारण खोटं होतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही म्हणजे एकटे तुम्ही नाही हो, लग्नात पंगतीत शेजारी बसलेला विचारतो, मच्छी मार्केटात भेटलेला विचारतो, आमच्या वाडीतल्या काकूंनी तर होळीच्या पालखीत सुद्धा विचारलं, की तुम्ही चौघं जाणार होतात ना सायकलने, मग फोटोत तिघंच कसे? दोन वर्षं मी एकच उत्तर देत आलोय, "त्याच्या व्हिसाचं झालं नाही." ते खोटं आहे. त्याने व्हिसाचा अर्जच केला नव्हता.

त्याचं नाव लिहीत नाही, तुम्हाला माहितीच आहे. चिपळूणला स्टेशनरीचं दुकान आहे एवढं पुरे.

आधी माझी बाजू. चार माणसांची परदेशातली आठवडाभराची सायकल ट्रिप ठरवणं म्हणजे काय डोकेदुखी असते ते ज्याने एकदा केलंय त्यालाच विचारा. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, डॅन्यूब नदीच्या काठाने, साधारण ३२० किलोमीटर, सात दिवस. हा रूट मी शोधला. व्हॉट्सअ‍ॅपवर "हॉटेल कोणतं चालेल" विचारलं की दोन अंगठे आणि एक हसरा चेहरा यायचा, मग बुकिंग मीच करायचं. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्यासाठी, ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतो, ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे आमचा ऑस्ट्रियाकडे, त्याची मुंबईची अपॉइंटमेंट, तेव्हा फी ८० युरो होती, आता ९० झालीय, हे सगळं पाठ झालेलं मला. सायकली इथून न्यायच्या की तिथे भाड्याने घ्यायच्या यावर महिनाभर वाद चालला. त्याला स्वतःचीच न्यायची होती. पेडल काढायचं, हँडल वळवायचं, चाकं सोडवून खोक्यात भरायचं, सगळं तो करून देणार होता, चौघांचंही. मी म्हटलं विमानात फ्रेम वाकली तर कोण बघणार, भाड्याचीच घेऊ. मेजॉरिटीने ठरलं. मेजॉरिटी म्हणजे मी आणि ते दोन अंगठे.

पुण्याचे लोक म्हणतात तो डॅन्यूबचा रस्ता सपाट आहे, त्यात काय मजा. अरे, आमच्याकडे या ना. इथे चाळीस किलोमीटर म्हणजे खाडीला उतरा, सड्यावर म्हणजे वरच्या कातळ पठारावर चढा, परत खाडीला उतरा. आम्हाला सपाटच हवं होतं.

आता तारखा. एप्रिल-मे मला शक्य नाही, कलमं आहेत, आंबा उतरवायला मी नसलो तर घरात कोण आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, त्यावर चर्चा पण नाही झाली. ऑक्टोबरपर्यंत तिकडे थंडी पडायला लागते. राहिला जून. २०२३ चा जून, दुसरा आठवडा. मी टाकलं ग्रुपवर, तीन अंगठे आले, फिक्स.

जूनमध्ये शाळा सुरू होतात. वह्या, कंपास, दप्तरं, ब्राऊन पेपर. स्टेशनरीवाल्याचं वर्ष जूनवर चालतं. आणि हे दुकान २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराच्या पाण्यात आढ्यापर्यंत गेलं होतं, कर्ज काढून परत उभं केलेलं. मला हे माहीत नव्हतं का? होतं. चिखल काढायला मी स्वतः गेलो होतो, भिजलेल्या वह्यांचे गठ्ठे फावड्याने ओढलेत. पण तो काही बोलला नाही ना, त्याने अंगठा दिला, मग मी का समजून घ्यायचं? हा मुद्दा मला अजूनही अर्धा पटतो. ज्याला अडचण आहे त्याने तोंड उघडावं की नाही?

असो. जयगडचं सांगतो, कारण खरं ते तिथेच झालं.

फेब्रुवारीत प्रॅक्टिस राईड ठेवली, सामान लादून. रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, आणि मुक्कामाला गुहागर. तो आदल्या रात्री सायकल टेम्पोत टाकून चिपळूणहून आला. आरे-वारेच्या चढावरच मागे पडला. गणपतीपुळ्याला आम्ही वीस मिनिटं थांबलो, मालगुंडला परत थांबलो. पुढे सड्यावर झाड नाही, सावली नाही, कातळ तापलेला. मी वैतागून पुढे निघालो. आम्ही तिघं, मी, डॉक्टर आणि बँकवाला, जेटीवर पोचलो तेव्हा बोट लागलेली होती. गाड्या चढल्या, डॉक्टर म्हणाला तो येईलच दोन मिनिटांत, बोटवाल्याला थांब म्हणून हात केला, तो कशाला थांबतोय. फळी उचलली, बोट गेली. आणि पाचेक मिनिटांनी हा उतारावरून आला, तोंड लालभडक, आणि आल्या आल्या हसला.

ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. मी म्हणालो, आणि हळू नाही म्हणालो, पुढच्या फेरीसाठी दोन गाड्या आणि मासे घेऊन निघालेल्या बायका उभ्या होत्या त्यांच्यासमोर म्हणालो, "तिकडे तुला ढकलत न्यायला आम्ही पैसे भरून नाही चाललोय. जमत नसेल तर ई-बाईक घे, नाहीतर येऊच नको."

तो "बरं" म्हणाला. एवढंच. मग सायकल आडवी केली आणि पाण्याची बाटली काढायला पिशवी उघडली. आत माझ्या साइजच्या दोन ट्यूब, डॉक्टरच्या साइजच्या दोन, बँकवाल्याच्या दोन, पान्यांचा अख्खा संच, चेन तोडायचं हत्यार, मोठा पंप, तेलाची बाटली, आणि एक टायर घडी घालून. आम्हा चौघांचं वर्कशॉप हा एकटा ओढत होता. माझ्या पिशवीत दोन टी-शर्ट आणि एक पॉवर बँक. मी ते बघितलं. त्याने मी बघितलेलं बघितलं. तेव्हा दोन शब्द बोललो असतो तर तिथेच मिटलं असतं, पण मासेवाल्या बायका बघत होत्या आणि मी नुकताच एवढा मोठ्याने ओरडलेलो. मी टपरीवर गेलो. परत आलो तर त्याने आधीच चार लिंबू सरबतं सांगितलेली, माझं बिनमिठाचं.

पुढची फेरी पाऊण तासाने. त्यानंतर हेदवी, वेळणेश्वर करत तो गुहागरपर्यंत आला, कुठे थांबायला लावलं नाही, गुडघा धरून होता एवढं दिसलं. दोन दिवसांनी ग्रुपवर मेसेज, "जूनमध्ये सीझन आहे, माझं नका धरू." मी अंगठा टाकला.

बघा, तुम्ही म्हणाल त्याला सीझनच होता. तेच मी पण स्वतःला सांगतो. मग लोकांना सीझन का नाही सांगितला, व्हिसा का सांगितला? कारण सीझन म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, जून कोणी ठरवला.

ट्रिप चांगली झाली. खोटं कशाला बोलू, फार चांगली झाली. सायकलवाल्यांसाठी नदी पार करायला छोट्या होड्या आहेत, मेल्कचा तो पिवळा मठ कितीतरी आधीपासून दिसायला लागतो. क्रेम्सच्या अलीकडे पंक्चर झालं ते तिघांनी मिळून तास घालवून काढलं आणि संध्याकाळपर्यंत परत हवा गेली. कोणी काही बोललं नाही.

पण पहिल्याच दिवशी, पासाऊला, सायकली ताब्यात घेऊन नदीवर गेलो. तिथे जुन्या टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या रेघा मारून ठेवल्यात, प्रत्येकीपुढे साल. १५०१, १९५४, आणि २०१३ ची तर १५०१ च्या जवळपास, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. चिपळूणच्या दुकानात त्याने मार्करने अशीच एक रेघ मारलीय, पंख्याच्या वरती, त्यापुढे तारीख. हा माणूस त्या भिंतीपुढे तासभर उभा राहिला असता आणि आम्हाला उशीर झाला असता. मी फोटो काढला, त्याला पाठवायचा म्हणून. पाठवला नाही.

परवा दुकानात गेलो होतो, मुलीच्या वह्या घ्यायला, त्याच्याकडूनच घेतो. मोबाईल काढून तो फोटो दाखवला. त्याने बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. काही बोलणार तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, आमच्या दोघांच्या ओळखीचं, आणि त्याने तोच तुमचा प्रश्न टाकला, काय रे, तू का नाही गेलास यांच्याबरोबर?

माझा हात काउंटरवर तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं पण नाही, वरच्या फळीवरचा गठ्ठा ओढत म्हणाला, "व्हिसा रे, व्हिसा. तुला शंभर पानी हवी की दोनशे?"