वेलीचं टोक

रविवार, रात्रीचे साडेअकरा

पिशवीवर भरलेलं आडनाव निघालं. पाच अक्षरं, त्यात एक जोडाक्षर. भरायला तीन दुपारी लागल्या होत्या, काढायला आज सात ते साडेदहा. मान अवघडली आहे, तर्जनीला दोनदा टोक लागलंय. पाठ टेकली, पण डोळा लागेना, म्हणून उठून लिहायला बसले.

गुरुवारपासून डोक्यात एकच घोळतंय. सून ती पिशवी उलटी घेते.

गुरुवारी मी जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन येत होते. पाऊस नुकताच थांबला होता. गोखले रोडवर ती माझ्या पुढेच चालत होती, ऐरोलीच्या गाडीतून उतरून आलेली. हाक मारणार तेवढ्यात खांद्यावरच्या पिशवीकडे लक्ष गेलं. कोरी बाजू बाहेर, नावाची बाजू कमरेला चिकटलेली. म्हटलं, गर्दीत घाईघाईने अडकवली असेल. शुक्रवारी दाराजवळच्या खुंटीवर पाहिली तर नाव भिंतीकडे. शनिवारी सकाळी मी मुद्दाम नाव बाहेर येईल अशी अडकवून ठेवली आणि स्वयंपाकघरातून बघत राहिले. तिने चपला घातल्या, पिशवी काढली आणि खांद्याला लावता लावता हाताने फिरवली. पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या हातात मोबाईल होता, तोंडाने मला ‘येते आई’ म्हणत होती, आणि हात आपोआप फिरला.

नुसती उलटी दिसली असती तर मी विसरले असते. पण हाताला सवय व्हायला किती दिवस लागतात? पिशवी दिली संक्रांतीला, तिच्या पहिल्या संक्रांतीला, हलव्याच्या दागिन्यांबरोबर. आता जून.

यांना सांगितलं तर म्हणाले, ‘पिशवीच आहे ना.’ खरंच, पिशवीच आहे. २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून मी किती शिवल्या याचा हिशेब नाही. शेजारी दिल्या, भिशीत दिल्या, वन्संकडे डझनभर गेल्या. त्यातल्या अर्ध्या कुठे कांदे-बटाटे भरून पडल्या असतील, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण नाव घातलेली ही एकच. गडद निळं जाड कापड, आतून फुलाफुलांचं अस्तर, नावाला अबोली रेशीम, वेलीला हिरवं. आणि शिरोरेघ मी नुसती रेघ नव्हती ठेवली, वेल केली होती. नावाच्या पहिल्या अक्षरावरून निघून आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत एकच वेल, मधे न तुटता. मधल्या मोकळ्या जागेवरूनसुद्धा ती तशीच पुढे गेली होती. मला ते फार सुचल्यासारखं वाटलं होतं.

शनिवारी दिवसभर मी रडवेली होते, हे इथे तरी लिहून ठेवते. वाटत होतं, आपल्या हातचं कुणाला मनापासून नकोच असतं. समोर छान म्हणतात आणि मागे फिरवून ठेवतात. ते स्वेटर, ती दुपटी, सगळं आठवत बसले. वन्संनी त्या वेळी जे म्हटलं होतं ते पण. जाऊ दे.

रात्री ती भांडी पुसत होती, मी ओटा आवरत होते. राहवलं नाही. विचारलं, ‘पिशवी उलटी का घेतेस गं?’

हातातलं ताट तसंच राहिलं. म्हणाली, ‘अहो आई, तसं काही नाही. फार सुंदर आहे. ऑफिसात सगळ्या विचारतात कुठून घेतली.’

‘मग?’

‘आडनाव... म्हणजे माझं आधीचंच आहे ना अजून. पासवर, पॅनवर, सगळीकडे. कुणी वाचलं की मग सांगत बसावं लागतं.’ आणि मग अगदी हळू, ‘तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.’

त्या शेवटच्या वाक्याशी मी कालपासून झटते आहे. आडनावाचं मला माहीत नव्हतं का? लग्नात तांदळाच्या ताटात मुलाने अंगठीने तिचं तेच नाव लिहिलं तेव्हा मी ताटाच्या शेजारी उभी होते. कुणीतरी कुजबुजलं तर मीच म्हटलं होतं, त्यांचं ठरलंय दोघांचं. मग पिशवीवर आमचं आडनाव आलं कसं? खरं सांगायचं तर मी ठरवून घातलं नाही. कागदावर नाव काढलं आणि पेन्सिल पुढे गेली. तिला विचारावं हे मनातही आलं नाही. तिचं नाव, तिची पिशवी, आणि मी रंग निवडायला तीन दुकानं हिंडले.

तिला माझी भीती वाटते का, हे मी आज दहा वेळा स्वतःला विचारलं. भीती नाही म्हणता येणार. माझ्याशी भांडते, चहात साखर कमी घाला म्हणून दटावते. पण ही एक गोष्ट पाच महिने बोलली नाही. रोज सकाळी निघताना तिने ती फिरवायची आणि रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून टांगायची, आणि मी त्याच खुंटीजवळ उभी राहून तिला डबा द्यायची.

आज दुपारी म्हटलं, ‘आण ती पिशवी, आडनाव काढते.’ ‘नको आई, राहू दे,’ असं तीनदा म्हणाली. चौथ्यांदा रिकामी करून आणून दिली.

पहिलं काम अस्तराचं. भरतकाम आधी करून वर अस्तर शिवलेलं, त्यामुळे मागची बाजू दिसायची तर एका बाजूची शिवण उसवावी लागते. मशीनच्या डब्यातलं सीम रिपर काढलं. अक्षरं मी आधी आत धावदोरा घालून वर भरीव टाक्याने उठवली होती, म्हणून फुगीर. असं भरलेलं काढताना पुढून कात्री लावायची नाही. मागून दोन-दोन, तीन-तीन धागे उचलून कापायचे, म्हणजे टोक चुकून कापडाला लागलंच तर ओरखडा अस्तराखाली राहतो. मग पुढून चिमट्याने एकेक तुकडा अलगद उचलायचा. ओढायचं अजिबात नाही. ओढलं की कापडाचा ताणा-बाणा सरकतो आणि ती वेडीवाकडी रेघ मग जात नाही. जोडाक्षराला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तिथे टाक्यांवर टाके चढले होते. फुलांच्या मधल्या गाठीच्या टाक्यांचंही तसंच. त्या उलगडत नाहीत, एकेक गाठ मागून कापूनच काढावी लागते.

धागे निघाले आणि खाली पिवळ्या कार्बनच्या रेघा उघड्या पडल्या. माझ्याच हाताने छापलेलं आडनाव, पुरतं वाचता येण्यासारखं. साबणाच्या पाण्याने ते जाईल. सुईची भोकं दिसत आहेत, पण सुई कापडाचे धागे तोडत नाही, बाजूला सारते. नखाने उभं-आडवं घासलं, वर ओलं फडकं टाकून गरम इस्त्री फिरवली की बहुतेक बुजतील.

मला खरी धास्ती रंगाची होती. निळं कापड उन्हाने विटतं. टाक्यांखालचं तेवढं गडद राहतं, आणि धागे काढले तरी नाव सावलीसारखं उरतं. जुन्या पडद्यावरचा मोर काढला तेव्हा तसंच झालं होतं, पडदे बदलेपर्यंत मोर दिसत होता. म्हणून दिव्याखाली धरून निरखून पाहिलं. काहीच नाही. टाक्यांखालचा निळा आणि आजूबाजूचा निळा एकसारखा. मला आधी बरं वाटलं. मग पिशवी उलटून कोरी बाजू पाहिली. ती एक छटा फिकी झाली आहे. बंदांच्या कडाही फिक्या. म्हणजे पाच महिन्यांचं सगळं ऊन, प्लॅटफॉर्मवरचं, रस्त्यावरचं, त्या बाजूने घेतलं. नावाच्या बाजूला ऊन लागलंच नाही.

बराच वेळ तशीच बसून होते. हे येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, पंखा तेवढा एकवर केला.

माझं नाव १९८७ च्या मे महिन्यात ताटात बदललं. नुसतं आडनाव नव्हे, नावसुद्धा. कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं. आधीच्या नावाने माझी आई हाक मारायची, शेवटपर्यंत. शाळेतली शिवणकामाची नमुना वही माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. पहिल्याच पानावर धावदोरा, उलटी टीप, साखळी, आणि खाली लाल दोऱ्यात ते नाव. आत्ता काढून बघावी असं वाटलं होतं, पण शिडी लावायला ही वेळ नव्हे.

आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापाठोपाठ आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. या घरात तशी वेळ येईल तेव्हा... ते त्यांचं ते बघतील. मी दुपट्यावर काही भरायच्या आधी विचारीन.

वेल शेवटी ठेवली होती. ती साखळी टाक्याची. साखळीची गंमत अशी की ती सुरुवातीकडून सुटत नाही. तांदळाच्या गोणीचं शिवण जसं बरोबर टोक सापडलं की सरसर उसवत येतं आणि चुकीचं टोक ओढलं की आवळत जातं, तसंच. जिथे संपवली तिथूनच सोडवावी लागते. शेवटच्या अक्षरावरची गाठ कापली, मागून दोरा धरला, आणि एकेक कडी माझ्या हातात परत येत गेली. पानं लेझी डेझी टाक्याची, ती वेगळी कापली. आडनावाची पाच अक्षरं पार करून वेल मधल्या मोकळ्या जागेवर आली. तिथे हात थांबवला. शेवटची कडी सेफ्टी पिनने धरून ठेवली आहे, नाहीतर धक्का लागला तर नावावरची वेलही सुटत जाईल.

नावाच्या शेवटच्या अक्षरावर गाठ मारून टाकणार होते. दोरा ओवलाही होता. आतापर्यंत झालं असतं, अस्तरही शिवून झालं असतं. पण नाही मारली. तिला कदाचित वेल तिथेच संपलेली हवी असेल. कदाचित पुढे एखादी कळी हवी असेल, किंवा तिचं आधीचं आडनावही हवं असेल, त्याला जागा आहे. किंवा वेलच नको असेल, नुसती कोरी पिशवी. तिने तसं सांगितलं तर मला वाईट वाटेल. वाटू दे, पण सांगावं.

उद्या तिची दुपारची शिफ्ट आहे, म्हणजे सकाळी चहाला निवांत बसेल. पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे, पिन लावलेली बाजू वर. शेजारी हिरवी लडी, अबोली लडी आणि पिवळा कार्बन.