फिफ्टी-फिफ्टीला दुसरा शब्द कोणता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गाला येणारे बरेच जण ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीच्या ऑफिसांत जातात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, काम वेळेत होईल की नाही हे सांगता येत नसेल, तर क्लायंटला काय म्हणायचं? दर वेळी फिफ्टी-फिफ्टी बरं वाटत नाही."

फिफ्टी-फिफ्टी चूक नाही, इंग्रजही म्हणतात. पण आपण ते कशालाही लावतो. आधी नेमकं काय अडलंय ते बघा. निर्णयच झालेला नाही, वरच्यांची सही बाकी आहे, तर 'अप इन द एअर'. त्यात शक्यता किती, हे येतच नाही. दोन्ही पारडी सारखी असतील तर 'टॉस-अप'. अमेरिकेत निवडणुकीचे अंदाज बांधणारे चुरशीच्या जागांना हेच लेबल लावतात. मतमोजणीत फरक इतका थोडा की विजेता सांगता येत नाही, ते 'टू क्लोज टू कॉल'. 'टच अँड गो' मात्र जपून वापरा, त्यात जीव टांगणीला लागलेला असतो. ऑपरेशननंतरची रात्र टच अँड गो असते, रविवारी येऊरला फिरायला जायचं की नाही हे नसतं.

क्लायंटसमोर मी 'इट कुड गो आयदर वे', म्हणजे दोन्हीपैकी काहीही होऊ शकतं, असं सुचवते. टॉस-अप म्हटलं की काम नशिबावर सोडल्यासारखं ऐकू येतं.

तरीही नुसत्या शब्दावर थांबू नका, असं माझं ठाम मत आहे. 1951 साली अमेरिकेच्या एका गुप्तचर अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' असल्याचं लिहिलं होतं. तो अहवाल तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांच्या मनात हल्ल्याची शक्यता 65 टक्के होती. सहकाऱ्यांना विचारलं, तर कुणाच्या मनात 20, कुणाच्या 80! एकाच वाक्यावर सगळे राजी होते, आणि अर्थ प्रत्येकाचा वेगळा. पुढे 1964 मध्ये केंट यांनी शब्दांना आकडेच जोडून दिले: 'चान्सेस अबाउट इव्हन' म्हणजे 50 टक्के, फार तर 10 इकडेतिकडे, 'प्रॉबेबल' म्हणजे साधारण 75.

म्हणून वर्गात आम्ही अख्खं वाक्य बसवतो: आत्ताची शक्यता किती, ती कशावर अवलंबून आहे आणि नक्की कधी कळेल. "साठ टक्के होईल, टेस्टिंगवर अवलंबून आहे, गुरुवारी दुपारी सांगतो." हे इंग्रजीत नीट बोलता आलं, की क्लायंट पुढचं विचारतो ते गुरुवारबद्दल.