बॅरल क्र. २, एकविसावा महिना: आंबटपणा जमला, पण उंदीर शिरला

बॅरलमध्ये मुरवलेल्या आंबट बिअरचं ब्लेंड (जुन्या आणि तरुण बिअरचं मिश्रण) बाटल्यांत भरून सहा आठवडे झाले. काल चार बाटल्या उघडल्या, आणि मापाला शेजारी बून या बेल्जियन ब्रुअरीची मारियाज पार्फे ठेवली: लेम्बेक गावची, ८ टक्के अल्कोहोलची आउदे ग्यूझ, म्हणजे जुन्या-तरुण आंबट बिअरचं मिश्रण. आपलं गणितही तिथलंच, ९५ टक्के जुनं आणि ५ टक्के तरुण. ओजी (आंबवण्याआधीची घनता) १.०६६, एफजी (नंतरची) १.००५, म्हणजे ८ टक्के. पीएच ३.४. दोन्ही १२ अंशांवर, ट्यूलिप ग्लासात.

आधी जमलेलं. फेस बारीक आणि टिकाऊ. तरुण बिअर १.०२० वरून १.००४ पर्यंत उतरली तरी तिच्या ५ टक्क्यांतून जेमतेम ०.४ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या किती पट कार्बन डायऑक्साइड विरघळला, त्याचं माप) मिळणार होता, म्हणून लिटरमागे १० ग्रॅम साखर घातली होती. ३.५ व्हॉल्यूम गाठायला तेवढी पुरली. बाटल्या मात्र शँपेनच्या जाडीच्याच हव्यात. वासात लिंबाची साल, ओलं गवत, थोडा तबेला. व्हिनेगर नाही, आणि २० लिटरच्या बॅरलमधून हे म्हणजे मोठीच गोष्ट. २२५ लिटरच्या पिंपाच्या तुलनेत इथे लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग सव्वादोन पट पडतो, तितकीच हवाही आत झिरपते.

आता उंदीर. घोट गिळेपर्यंत सगळं स्वच्छ. दहा-पंधरा सेकंदांनी जिभेच्या मुळाशी काहीतरी भाजकं वर येतं, आणि उंदराच्या पिंजऱ्याची कुबट चव मागे रेंगाळते, म्हणून या दोषाला 'उंदीर' म्हणायचं. हे टीएचपी, म्हणजे टेट्राहायड्रोपिरिडीन नावाचं संयुग. आंबट बिअरमध्ये ते उडत नाही, त्यामुळे नाकाला कळत नाही. लाळेने पीएच वाढला की सुटतं. लाळ प्रत्येकाची वेगळी, म्हणून चौघांपैकी एकाला काहीच लागलं नाही. मराठी जिभेला आणखी एक चकवा आहे: या दोषातला एक रेणू, २-असिटाइल-१-पायरोलीन, आंबेमोहोराच्या सुगंधातलाही मुख्य रेणू आहे. पहिल्या क्षणी 'वा, भाताचा वास!' असं वाटलं तर सावध व्हा.

खात्री करायची सोपी युक्ती: मोठ्या ग्लासात ५० मिलि बिअर, त्यात चिमूटभर खायचा सोडा. फसफसून वर येतं, म्हणून ग्लास मोठा घ्या. फेस बसल्यावर हुंगा, पिऊ नका. आता नाकालाही कळेल. पीएच पेन इथे काही सांगत नाही. त्याच पैशांत ब्युरेट (थेंबाथेंबाने मोजून सोडणारी नळी) आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण घ्या, आंबटपणा तरी नीट मोजता येईल.

या दोषाचं कारण: ब्रेट (ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट) आणि हेटेरोफर्मेंटेटिव्ह लॅक्टो (लॅक्टिक आम्लासोबत इतर पदार्थही बनवणारे जिवाणू), अधिक प्राणवायू. बाटल्यांनी चुगली केलीच: कार्बन डायऑक्साइडने आधी धुतलेल्या दोन बाटल्यांत दोष पुसट, न धुतलेल्या दोन्हींत ठळक. सायफनची नळी दोनदा गुडगुडली होती, तेव्हाच थांबायला हवं होतं.

ओतून टाकायचं नाही. बरेचदा ब्रेट स्वतःच हे आवरतं, पण महिने लागतात. बाटल्या २० अंशांवर ठेवायच्या, महिन्याला एक उघडायची. पुढच्या भरणीला प्राणवायू शोषणारं मेटाबायसल्फाइट घालायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, त्यापेक्षा साखरेबरोबर आंबट वातावरण सोसणारं ताजं वाइन यीस्ट, ईसी-१११८, कोमट पाण्यात फुलवून घालावं. उरलासुरला प्राणवायू ब्रेटच्या आधी तेच खाईल. सल्फाइट घालून वर यीस्ट घालणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं. त्यामुळे सल्फाइट रद्द.

बॅरल क्र. ३ लाही सोड्याची चाचणी लावायची, भरणीआधीच. नमुना बॅरलला मारलेला खिळा काढून त्याच्या भोकातून. झाकणाचं बूच काढायचं नाही. त्या बॅरलवर पुरवठादाराने 'मीडियम टोस्ट' (आतून मध्यम भाजलेलं) लिहिलं होतं, आतून मात्र लाकूड कोरंच निघालं. तीनदा उकळतं पाणी फिरवूनही तुरटपणा हटला नाही, तेव्हा त्याचा वाटा ब्लेंडमध्ये पाचव्या हिश्शावर जाणार नाही.