बातमीतली क्रियापदं तपासताना

बातमी एकतर्फी वाटते, एवढं म्हणून भागत नव्हतं. नेमकी कुठे, ते बोट ठेवून दाखवता यायला हवं होतं. म्हणून एकाच संपाच्या वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला घेतल्या.

आधी विशेषणांखाली रेघा मारल्या. फारसं हाती लागलं नाही. भडक विशेषणं बहुतेकदा संपादनातच गळतात. मग क्रियापदांकडे वळले. एका बातमीत व्यवस्थापनाने ‘स्पष्ट केलं’ होतं, कामगारांनी ‘दावा केला’ होता. पुरावा दोघांनीही दिलेला नव्हता. व्यवस्थापनाचा ‘प्रस्ताव’, कामगारांचा ‘हट्ट’. दगडफेक ‘आंदोलकांनी केली’, लाठीमार मात्र नुसता ‘झाला’. कोणी केला, ते वाक्यात नव्हतंच.

सगळ्यात अस्वस्थ केलं ते एकवचन-बहुवचनाने. मराठीत मान व्याकरणातूनच दिला जातो. अधिकारी ‘म्हणाले’ आणि जखमी कामगार ‘म्हणाला’, तेही एकाच परिच्छेदात! लिहिणाऱ्याच्या मनात आकस असेलच असं नाही, पण कोणाचं म्हणणं वजनदार धरायचं, हे वाचकाच्या मनावर आपोआप ठसतं.

शब्दाने खरंच एवढा फरक पडतो? 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटार अपघातांच्या फिती दाखवल्या. गाड्या ‘जोरात आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी सुमारे 41 मैल; ‘एकमेकींना लागल्या’ असं विचारल्यावर 32. फिती त्याच होत्या.

आता मी अदलाबदल करून बघते. एका बाजूचं क्रियापद दुसऱ्या बाजूला लावायचं. ‘व्यवस्थापनाने दावा केला’ हे वाचताना खटकलं, तर तिथे खूण करायची. एखाददुसऱ्या शब्दावरून मात्र निष्कर्ष काढत नाही. मथळ्याला जागा कमी असते, बातमीदाराला घाई असते, कधी पोलिसांचं प्रसिद्धिपत्रकच जसंच्या तसं उतरलेलं असतं. ‘दावा’ दोन्ही बाजूंना लावला असेल, तर माझी काहीच तक्रार नाही. पण बातमीमागून बातमी तो एकाच बाजूच्या वाट्याला येत असेल, तर संपादकांना लिहिते. पत्रात ‘पक्षपात’ हा शब्द येऊ देत नाही. दोन्ही वाक्यं तारखेसह एकाखाली एक उतरवते आणि दोन्हीकडे ‘म्हणाले’ का चाललं नसतं, तेवढंच विचारते.